नोंदीबाहेर

डुलुथ. कोर्ट नव्हे, वकिलाच्या ऑफिसातली लांबोडकी खोली.
खिडकीबाहेर सरोवर, मार्च संपत आला तरी गोठलेलं.
मी टेबलाच्या टोकाला, यंत्रावर बोटं ठेवून.
माझं काम एवढंच: जे बोललं जाईल ते उतरवायचं.
मान डोलावलेली चालत नाही.
"तोंडाने उत्तर द्या," हे मलाच सांगावं लागतं.

साक्षीदार लोर्ना किविस्तो, वय एक्केचाळीस,
जहाजांच्या गोदीत वेल्डर, एकोणीस वर्षं.
फिट येऊ लागल्या म्हणून गोळी सुरू केली.
सोळाव्या दिवशी घसा धरला.
सतराव्या दिवशी डोळे लाल, छातीवर पुरळ.
एकोणिसाव्या दिवशी आंघोळ करून
टॉवेलने पाठ पुसली
आणि पाठ टॉवेलला लागून आली.

लोक बसची वेळ सांगतात
त्या सुरात तिने हे सांगितलं.
यंत्रावर सुराची कळ नाही.

"भाजलेल्यांच्या वॉर्डात होतात?"
हो.
"पण आग तर लागली नव्हती."
आग मला कळते, साहेब.
ठिणगी बाहीत शिरली तर झटकता येते.
ही आतून आली.
झटकायला बाहेरची बाजूच नव्हती.

कात टाकली, असं आपण किती उमेदीनं म्हणतो.
तिची नखंही गेली, वीसच्या वीस.
परत आली ती वेडीवाकडी, हातमोज्यात अडकणारी.

कंपनीचा वकील लोण्यासारखं बोलायचा.
त्याने माहितीपत्रक पुढे सरकवलं, पुरावा क्रमांक नऊ,
कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ, चौदा घड्यांचं.
"तिसरा रकाना, खालून सातवी ओळ. मोठ्याने वाचाल?"

तिने कागद नाकाशी नेला. मग हातभर लांब.
तिचा वकील ओडेल ब्रँटली म्हणाला, हरकत आहे.
मी हरकत टाइप केली.
"दिसत नाही," ती म्हणाली.
"दिसत होतं तेव्हा वाचलं नाही, हे खरं.
मिठाच्या पुड्यावरचं तरी कोण वाचतं?"

"पुरळ आल्यावरही दोन दिवस गोळी घेतलीत. का?"
दवाखान्यात फोन केला होता.
म्हणाले, विषाणू असेल. गोळी मात्र चुकवू नका.
मी चुकवली नाही.

"थोडं थांबू या का? तुम्ही रडताय."
"हे बाटलीतलं आहे. तासातासाला घालावं लागतं.
माझ्या डोळ्यांना आता स्वतःचं पाणी नाही."

यानंतर कोणीच काही बोललं नाही.
किती वेळ, ते लिहायची सोय नाही,
म्हणून उताऱ्यात तिच्या वाक्याखाली
लगेच त्याचा पुढचा प्रश्न दिसतो,
जणू तो थांबलाच नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत, कॉफीच्या यंत्रापाशी,
तिने माझा हात हातात घेतला,
नखांवरून अंगठा फिरवला.
"दिवसभर टाइप करून दुखत नाहीत?"
मी मान डोलावली.
तिने तोंडी उत्तर मागितलं नाही.

ऑगस्टमध्ये तडजोड झाली.
आकडा मला ठाऊक नाही.
तिसरा हिस्सा ब्रँटलीचा, मग इस्पितळाचं बिल,
मग उरलं असेल ते, जन्मभराच्या थेंबांसाठी.
माझी दोनशे बारा पानं सीलबंद झाली.
त्यातलं अक्षरही बाहेर सांगायचं नाही,
म्हणून तिचं नाव मी बदललंय.
गावही. गोदी, वकील, सगळंच.

टॉवेल बदलायला घेतला होता.
जमलं नाही.