काटा ठरण्याआधी

आठवडाभर मी कळमन्यात मिरची तोलतो.
पोत्याला हात लावला की कळतं
बारदानाचं किती, खड्यांचं किती, पाण्याचं किती.
आडत्याला खोटं सांगता येतं,
माझ्या खांद्याला नाही.

रविवारी मात्र बादली धरतो,
पाचपावलीत, टिनाच्या शेडखाली,
जिथे गुणवंत हेडाऊ, विणकराच्या घरचा,
सावलीशी भांडत असतो.

त्याच्या वजनात यंदा जिल्ह्यातून दुसरं नावच आलं नाही.
"भिडूच नाही तर फुकटचं पदक घालू काय जी गळ्यात?
घंटा वाजल्याबिगर?"
"मंग वर चढ," उईके सर म्हणाले.
वरच्या गटात अजनीच्या लोको शेडमधला सालोमन,
नव्वद किलो आणि वर आठशे ग्राम.
तो आला की दारच बाजूला सरतं, म्हणतात.

वजनाच्या सकाळी बाकीची पोरं
स्वेटर घालून धावत होती, डब्यात थुंकत होती,
पावशेर तरी कमी व्हावं म्हणून.
आमचा गिळत होता.
बारा केळी, भिजवलेले चणे, तीन लिटर पाणी.
एक्क्याऐंशीच्या वर पाहिजे, आणि हा अठ्ठ्याहत्तरचा.
"दहा मिनिटं मुतू नको बे, जीव धरून ठेव."
चढला. एक्क्याऐंशी, आणि वर शंभर ग्राम.
दुसऱ्यांनी मारलेले काटे पकडण्यात माझी हयात गेली;
त्या दिवशी मी भिंतीकडे पाहिलं.

मानकापूरचा हॉल. पहिली फेरी गुणवंतची.
सालोमनचा हात पोचायचा तेव्हा हा तिथे नसायचाच,
धोट्यासारखा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
जाताना एक, येताना दोन.
मागच्या बाकावर त्याचा बाप ओरडला नाही.
नुसते पाय हलत होते त्याचे,
मागावर हलतात तसे.

दुसऱ्या फेरीत सालोमनने फारसं मारलंच नाही.
जवळ घेतलं, आणि हात मानेवर ठेवला,
पोतं ठेवतात तसा.
वजनाला घाई नसते, हे मला ठाऊक आहे.
पहिल्या पोत्याखाली कोणी वाकत नाही,
चाळिसाव्याखाली वाकतो,
आणि चाळिसावं काही पहिल्याहून जड नसतं.

"काय दिसते?" कोपऱ्यात सरांनी विचारलं.
"छातीच दिसते जी. जिकडे पाहाव तिकडे."
मी पाणी दिलं. चूळ भरून थुंकला.
सकाळचे तीन लिटर केव्हाच निघून गेले होते,
म्हणजे आता तो अठ्ठ्याहत्तरचाही नव्हता.
हिशोबाची सवय वाईट.

तिसऱ्या फेरीत एकदा, एकदाच,
डावा हात खालून बरगडीत शिरला
आणि सालोमनच्या तोंडून हवा सुटली,
गाडीचा ब्रेक मोकळा होतो तशी.

पोतं ठेवल्यावर, आकडा ठरण्याआधी
सुई थरथरते.
तेवढा वेळ काट्यालाही ठाऊक नसतं.
गुणवंत त्या थरथरीत उभा होता,
माझ्या अंदाजानं वीस सेकंद.
हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.

मग आकडा ठरला.
तीन पंच सालोमनकडे, दोन आमच्याकडे.

बाहेर रसवंतीजवळ सालोमन आला, बरगडी धरून.
"खरं सांग बे, किती किलोचा आहेस?"
"एक्क्याऐंशी."
"काट्यावरचं नाही विचारलं."
गुणवंत हसला, ओठ फाटलेला म्हणून अर्धाच.
दोघांनी माझ्याकडे पाहिलं,
गिऱ्हाईक पाहतं तसं, आकडा मीच सांगणार म्हणून.

मी बादली उपडी करून तिच्यावर बसलो.
लहान माणूस मोठ्यांच्या गटात टिकतो काय,
उद्या कळमन्यात कोणी विचारलंच
तर सांगीन, नऊ मिनिटं टिकला.
दहावं मी पाहिलेलं नाही.

सालोमनने तीन ग्लास सांगितले,
आणि रसवाल्याला म्हणाला,
"ह्याले मोठा दे."