धावून बघा, ताई

संध्याकाळी या, असं हकीमुद्दीनभाईंनीच सांगितलं होतं.
सकाळचा पाय खोटं बोलतो, म्हणाले,
दिवसभर चालून सुजला
की मग खरं माप सांगतो.

म्हणून आज पिग्मीची शेवटची पावती
पाचकंदिलाच्या लिंबूवाल्याला दिली,
मशीन पिशवीत टाकलं आणि थेट आले.
एकोणीस वर्षं ह्याच गल्ल्या:
दोन नंबर, चार नंबर, खोल गल्ली,
लहान पुलावरून देवपूर, आणि परत.
लोकांचे रोजचे वीस वीस रुपये साठत गेले.
माझ्या टाचेत काय साठत गेलं
ते डॉक्टरांनी फोटो काढून दाखवलं:
हाडाला फुटलेला एवढासा काटा,
बाभळीचाच, पण आतून बाहेर निघालेला.

निंबा, दुकानातला पोरगा, खाली बसला
आणि पाय हातात घेऊ लागला, तशी मी ओढूनच घेतला.
भेगा होत्या. भेगांत मे महिन्याचं डांबर.
"राहू द्या ताई, मी दिवसाला चाळीस पाय बघतो."
लाकडी पट्टीवर टाच टेकवली तर
डावा उजव्यापेक्षा तांदळाभर मोठा निघाला.
सेहेचाळीस वर्षं दोघं बरोबर चालले
आणि मला पत्ता नाही.
"मोठ्याच्या मापाचं घ्यायचं," निंबा म्हणाला,
"लहान्याला मोजा घालून समजवता येतं."

पहिला जोड पांढरा.
नावातच धूळ असलेल्या गावात पांढरा?
दुसरा हलका, पण बोटं एकमेकींवर चढून बसली,
लग्नाच्या जीपमध्ये बसतात तशी.
तिसऱ्यात टाच दर पावलाला उचलून वर यायची.
"आज चावला तरी नंतर सैल होईल, असं सांगणाऱ्या
दुकानदारावर विश्वास ठेवू नका,"
हकीमुद्दीनभाई गल्ल्यावरून म्हणाले,
"मी सांगितलं तरी."

चौथा राखाडी.
निंबाने अंगठ्याने टोक दाबलं. बोटभर जागा मोकळी.
आई घ्यायची त्या चपलाही मोठ्याच असायच्या,
पुढच्या वर्षाच्या पायांसाठी.
माझं वाढणं तर कधीच संपलं. तरी ठेवायची म्हणे जागा,
उतारावर बोटं पुढे येतात.

"चालायला की धावायला?"
चालायलाच, म्हटलं. धावून कुठे जाणार मी?
"धावून बघा, ताई. कोपऱ्यापर्यंत.
दुकानाच्या फरशीवर सगळेच बूट गुणी असतात."

पदर खोचला.
शेवटचं कधी धावले होते?
लेक निंबावरून पडला तेव्हा.
शेजारी सिलिंडर पेटला तेव्हा.
आमच्याकडे बाई धावली
म्हणजे काहीतरी झालेलं असतं.

तर गल्ली नंबर पाचमध्ये मी धावले,
आणि सराफाने चष्मा कपाळावर सरकवला,
शेववाला झारा घेऊन रस्त्यात आला,
काशाबाई मसाल्याच्या ढिगामागून ओरडली,
"काय व्हयनं वं ताई? कोन गयं?"
"कोनी नही वं! बूट देखी ऱ्हायनी!"
तिने आधी माझ्या पायांकडे बघितलं,
मग जरा वेळ स्वतःच्या.
"कितलाले?"

कोपऱ्यावर थांबले तेव्हा
छाती भात्यासारखी चालली होती
आणि टाच गप्प होती. पहिल्यांदाच गप्प.

अकराशे चाळीस. हातात तीनशे.
हकीमुद्दीनभाईंनी वही काढली, माझं नाव घातलं.
"रोज वीस द्या. एकोणीस वर्षं तुम्ही माझ्या दारी आलात,
आता तुमची पिग्मी मी घेतो."
हसलो दोघं. निंबाने जुनी चप्पल खोक्यात घातली,
दोरा बांधून दिली, नव्या वस्तूला बांधतात तसा.

बूट घालूनच निघाले.
कोपऱ्यापर्यंत सावकाश, चालतच गेले.
कोपऱ्यापुढे दिवे गेलेले होते
आणि ओळखीचं कुणी नव्हतं.