सांधेमोड

शत्रू मी चौकोनी केलेत.
हातपाय काढायला वेळ नव्हता,
आणि चित्रकलेत शाळेने मला कायम काठावर सोडलेलं.
आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच, दोन डोळे.
ते डावीकडून येतात.
वरून ठोकळे पडतात: आडवी काठी, काटकोन, चौरंग,
आणि एक वाकडा,
ज्याला मी मनातल्या मनात 'मेहुणा' म्हणते,
कुठे बसतही नाही, परतही पाठवता येत नाही.
या सगळ्यांची भिंत रचायची. भिंतीमागे एक दिवा.
दिवा विझला की खेळ संपला.

एवढंच.
एवढ्यासाठी अंबडची नोकरी सोडून चौदा महिने झाले.
सिडकोतली खोली, खाली भाजीवाल्यांचा कलकलाट,
मेथीचा भाव उतरला की कळतं, सात वाजून गेले.

अडलं होतं सतराव्या पातळीवर.
तिथे सगळेच जिंकायचे.
एकावर एक ठोकळा, सरळ उभे रकाने, दिवा शांत.
खेळणारा जांभई देई.
मी शत्रू वाढवले,
मग कुणीच जिंकेना.
या दोन्हींच्या मधे कुठेतरी
माणूस ओठ चावत बसतो अशी एक जागा असते.
ती सापडत नव्हती.

शेजारच्या कंपाउंडचं काम निसार मिस्त्रींकडे होतं.
जुन्या नाशकातून, काझीगढीच्या पायथ्याहून
सायकलवर येत, हँडलला ओळंबा लटकवून.
पाण्याची बाटली भरायला दारात आले,
पडद्याकडे पाहत राहिले.
"ताई, ही भिंत पडणार."
म्हटलं, नाही ना पडत, तोच तर घोळ आहे.
"पडायला पाहिजे. सांध्यावर सांधा आलाय."
ओल्या बोटाने माझ्या टेबलावर विटा काढल्या,
वरची वीट खालच्या दोघींच्या मधोमध.
"याला सांधेमोड म्हणतात.
सांधा सरळ गेला की भेग कुणाला वाट विचारत नाही."
विटा वाळून गेल्या तरी मी टेबल पुसलं नाही.

रात्री चार ओळी लिहिल्या:
उभा सांधा तीन घरं सलग गेला
तर तिथली ताकद अर्धी.
त्या चार ओळींनी मोडलेलं निस्तरायला आणखी एकतीस.
आणि मेहुणा!
ज्याला सगळे शिव्या घालत होते
तोच निघाला दोन रकान्यांना टाका घालणारा.
आता लोक त्याची वाट बघतात.

गुरुवारी मिस्त्री स्वतः खेळले, फोनवर.
सिमेंटने खाल्लेलं बोट काचेला कळेना,
शेवटी करंगळीने.
सहाव्या मिनिटाला दिवा गेला.
पडदा कोरा.
ते फोन उलटा करून बघू लागले, जणू मागे काही सांडलंय.
"भिंत कुठं गेली?"
हरलात ना, आता पहिल्यापासून.
"ते ठीक. पण पडलेलं कुणी नेलं?"

कुणी म्हणजे मीच.
एक ओळ होती माझी: सगळं पुसा.
"आमच्या गढीची माती दर साली थोडी खाली येते," ते म्हणाले.
"वीट सापडली तर चुना खरवडून परत लावतो.
नवी वीट काय झाडाला लागते?"

ती ओळ काढून टाकली.
आता हरलं की ढिगारा तसाच राहतो,
पुढचा डाव त्याच्यावर सुरू.

काल रात्री अडीचला तपासत होते.
ढिगारा मोठा झालेला, दिवा उंचावर,
शत्रू डावीकडून आले, ढिगाऱ्याशी थांबले.
मग एक वर चढला. मग दुसरा.
पाय नसलेले, नुसते डोळे,
एकाच्या डोक्यावर एक नाही,
दोघांच्या मधोमध तिसरा.

मी सगळा कोड दोनदा वाचला.
हे मी लिहिलेलं नाही.