धुवण

आंबा घाट चढून टँकर पहाटे चारला
कुपवाडच्या फाटकात येतो.
लतीफ सोलकर इंजिन बंद करतो,
उतरता उतरता म्हणतो, "मोज बाई, बारा हजार लिटर.
साखरप्याला चहाला थांबलो तर हॉटेलवाल्यानं
गाडी पुढे लाव म्हणून हात जोडले."

टाकीत आहे त्याला पाणी म्हणता येत नाही,
रस्साही नाही.
राणी मासा सोलून, काटे काढून
त्याचा लगदा तिकडे तीन वेळा धुतात,
पांढराशुभ्र होईस्तो, ओळख जाईस्तो.
मग त्याला खेकड्याचं नाव देतात, नारिंगी रंग देतात,
आणि लगद्याचा पासपोर्ट निघतो.
धुवण मागे राहतं.

पूर्वी ते खाडीत जायचं.
नळाच्या तोंडाशी इतका फेस, लतीफ सांगतो,
की बगळेसुद्धा लांब सरकून बसायचे.
मग नोटीस आली, मग टँकर आला,
मग मी.

माझं काम साधं आहे.
साठ अंशांवर तापवायचं, पपईचा चीक घालायचा,
सहा तास ढवळत ठेवायचं,
सामू साडेतीनावर आणून निजवायचं.
वहीत लिहायचं: बॅच, वेळ, रंग.
रंगाच्या रकान्यात मी काय काय लिहिलंय.
फिका काढा. जुना गूळ.
एकदा नुसतंच "आजोबांचा चहा",
त्यावर साहेबांनी लाल रेघ मारली.
वासाचा रकानाच नाही वहीत.

मिऱ्याला आमच्या मागल्या दारी शेवगा होता.
मासळी धुतली की आई टोप उचलून तिकडे जायची.
"धुवण वाटेवर सांडू नये, मुळाशी ओतावं."
एवढंच तिचं रसायनशास्त्र.
शेवगा असा माजला होता
की शेंगांना शेजारच्यांची कौलं पुरत नव्हती.

मिरजेत खोली घेताना मात्र
घरमालकाला मी "औषध कंपनीत आहे" म्हणाले.
तसं खोटं नाही. मुळांचं औषध.
तरी रोज केस दोनदा धुते.
माझं धुवण मोरीतून जातं,
त्याला टँकर येत नाही.

श्रावण उलटताना हरिपूरच्या पुढे
सुकुमार मगदूमांच्या मळ्यात गेले, नमुन्याचा कॅन घेऊन.
हळद मांडीला लागत होती.
त्यांनी झाकण उघडलं नाही, लेबल वाचलं,
चष्मा वर करून पुन्हा वाचलं:
सेंद्रिय. अमिनो. सागरी.
"सागरी म्हणजे शेवाळ काय?"

इथे आमचे विक्रीवाले हो म्हणतात.
मला माहीत आहे.
सुनेनं ठेवलेल्या चहावर साय धरत होती,
भिंतीवर भगवंतांची तसबीर, मांडी घातलेली, डोळे अर्धे मिटलेले.
"शेवाळ नाही," मी म्हणाले.

ते थोडा वेळ हळदीकडे बघत राहिले.
मग कॅन स्वतःच उचलून
माझ्या स्कुटीला बांधून दिला,
दोरीला दोन गाठी, वर एक हिसका देऊन पाहिला.
"वाटेत सांडू नये," म्हणाले.
अगदी आईसारखे.
चहा मी पूर्ण प्यायले, सायीसकट.

"सांगायचं कशाला?" साहेब म्हणाले.
त्यांचंही खोटं नाही, महिना भरायचा आहे.

आज पहाटे लतीफ आला, दोन तास उशिरा,
घाटात दरड होती.
नळी जोडली. तापमान लावलं.
वहीत रंगाच्या पुढे थोडी जागा होती,
तिथे शिसपेन्सिलीनं एक उभी रेघ ओढली,
वर लिहिलं: वास.
खाली लिहिलं: आहे.