रविवारपर्यंत

सकाळी आठला गल्लीतले माग सुरू झाले
की टेपमधल्या बुवांचा आवाज खाली यायचा,
बरोबर अर्धा सूर.
मी म्हणायचो, थकत असतील.
रात्री दहाला वडगाव गप्प झालं
की तेच बुवा, तीच ओळ,
अंघोळ करून आल्यासारखे वर.

मला दोन्ही बुवा पाठ होते.
दिवसाचे पांढरी एकमध्ये,
रात्रीचे काळी एकमध्ये.
मधला फरक व्होल्टेजचा,
हे मडिवाळप्पा रेडिओवाल्यानं सांगितलं तेव्हा
शिकायला लागून दीड वर्ष झालं होतं.
‘गळा न्हवं रे, करंट,’ म्हणाला
आणि सोल्डरचा धूर फुंकत हसला.
मी नाही हसलो.
मला दुपारचे बुवा जास्त आवडत.

पेटी नंदगडची. तिथली नाटक मंडळी मोडली तेव्हा
तीन लुगड्यांच्या मजुरीत घरी आली.
कोमल धैवत मुका.
बुवा तिथं पोचले की मी बोट दाबायचो
आणि भात्याचा नुसता वारा.
तो सूर मला कधी वाजवता आला नाही,
म्हणूनच इतका पक्का ऐकू आला असेल.

नोटेशन येत नव्हतं.
सा सापडायलाच आठवडा गेला,
वीज गेल्यावर आगपेटी चाचपावी तसा.
एक तान चार महिने.
थांबव, मागं ने, पुन्हा.
बटणावरचा बाण पुसून गेला.
आणि भिंतीपलीकडं खटक-खट, खटक-खट,
त्या लयीत बुवा कधीच बसले नाहीत,
मी मात्र जन्मापासून त्यातच बसलेला.

दुसऱ्या बाजूला, चौथ्या मिनिटाला, कुणीतरी खोकतं.
घरगुती बैठक असणार.
खोकल्यावर बुवा जरासे थांबतात.
मीही थांबतो.
खासबागेत भजनाला पहिल्यांदा बसलो
तेव्हा तबल्यावरचा बसवंत मान वर करून म्हणाला,
‘काय झालं?’
काय सांगणार त्याला?

कॅसेट मडिवाळप्पाकडूनच मिळाली.
कुणाचा तरी टेप दुरुस्तीला आलेला,
न्यायला माणूस आलाच नाही, आत ही.
लेबलवर जांभळ्या शाईत तीन कानडी शब्द.
मला कानडी येते. बाजाराची येते, भांडणाची येते,
सुताचा भाव करता येतो, मयताला दोन शब्द बोलता येतात.
वाचता येत नाही.
मडिवाळप्पाला विचारायचं राहिलं,
मग मडिवाळप्पाच राहिला नाही.
तीन शब्द.
नाव, बापाचं नाव, आडनाव.
हिशेब नीट लागत होता.
दर गुरुपौर्णिमेला मी त्या तीन शब्दांवर
एक अबोलीचं फूल ठेवत आलो,
एकोणीस वर्षं.

परवा माळा झाडताना स्नेहलच्या हाती डबी लागली.
तिला शाळेत कानडी आहे.
केस विंचरता विंचरता तिनं वाचलं,
‘रविवार वापस कोडबेकु.’
मग माझ्या तोंडाकडं बघून मराठीत,
‘रविवारी परत द्यायचीय, बाबा.
कुठल्या रविवारी?’

स्वयंपाकघरात बायको हसायला लागली,
तवा खाली ठेवून हसली,
तिच्यामागून मीही.
रात्री मात्र झोप आली नाही.
एकोणीस गुणिले बावन्न.

परत द्यायची तर काय देऊ?
फीत घासून घासून नुसती सळसळ उरलीय,
पावसाळी कागदासारखी.
बुवा आहेत, ते माझ्या बोटांत आहेत,
पण अर्धा सूर खाली,
एक धैवत कमी,
आणि परक्या माणसाच्या खोकल्यासकट.
असं परत घेतं का कुणी?

माग सुरू झालेत.
आज शनिवार.