सदतिसावा चुंबक

टेंबे सरांनी आधी आभाळातली वीज मोजली.
सिमरोलच्या घाटात, वनखात्याच्या चौकीच्या छपरावर
पितळी पात्यांची चकती गरगरायची.
खालच्या तबकड्यांवर आभाळ पडायचं, झाकलं जायचं,
पडायचं, झाकलं जायचं,
आणि कागदावर सुई थरथरत राहायची.
मी तेवीस वर्षांचा, आयटीआयचा फिटर,
बॅटऱ्या उचलायला ठेवलेला.

“दळवी, उघाडीतसुद्धा मीटरला शंभर व्होल्ट असतात हवेत.”
मग मला झटका का बसत नाही?
“तू उभा राहिलास की आभाळ
तुझ्या डोक्यावरून वळसा घालून जातं.”
तेव्हापासून मी जरा ताठ चालतो.

अकरा हंगाम. चारशे बारा विजा.
एकीनं सुईच जाळली,
तो करपलेला कागद सरांनी पाकिटात घातला,
वर तारीख लिहिली, बाकी काही नाही.
छापून आली ती नऊ पानं.
घाट उतरताना जीपमध्ये म्हणाले,
“ती चेंगराचेंगरी आहे रे, जत्रेचं फाटक तुटल्यासारखी.
मला त्यांना पावलं शिकवायचीत.”

त्यांना म्हणजे इलेक्ट्रॉनांना.

मग सुखनिवासच्या बाजूचा तो हॉल,
दोन मीटर जाडीच्या भिंती, आत पंखा नाही.
चुंबकांच्या दोन रांगा, वर एक, खाली एक,
उत्तर दक्षिण, उत्तर दक्षिण,
मधून इलेक्ट्रॉन सोडायचे, जवळजवळ उजेडाच्या वेगानं,
आणि त्यांना नागमोडी पळवायचं.
प्रत्येक वळणावर थोडा प्रकाश सांडतो.
आधी ज्याचा त्याचा.
मग तोच प्रकाश त्यांना ओळीत आणतो.
सरांचे वडील गिरणीत वायरमन,
अनंत चतुर्दशीच्या झांकीचे बल्ब तेच जोडायचे.
“जेल रोडला लेझीम बघितलीस ना?
निघताना कुणाचा मेळ नसतो कुणाला,
राजवाडा येईस्तोवर एकच छन्न.”

आमचा राजवाडा येईना.
रजिस्टरात रोज सरांच्या अक्षरात: प्रकाश नाही.
प्रकाश नाही.
दिवाळीला नाही, रंगपंचमीला नाही.
मुंबईहून समिती आली, जेवली,
पैशाचं विचारून गेली.
चौदा महिने.

आता सांगतो, पेन्शन सुरू झाली आहे.
सदतिसाव्या चुंबकाचा टवका उडाला होता,
मी रात्रपाळीत नवीन चिकटवला.
पोरगी तापानं फणफणलेली, डोकं घरी.
खुणेचा ठिपका खाली गेला.
परत मोजणी करायची असते. केली नाही.

सरांनीच शोधला, शाळेतल्या कंपासनं, गुडघ्यांवर बसून,
एकेका चुंबकाशी थांबत, देवळात प्रदक्षिणा घालतात तसं.
सदतिसाव्याशी सुई फिरली.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी स्पॅनरकडे.
अहवालात लिहिलं, “जुळवणीतील त्रुटी दूर केली.”
कर्त्याशिवायचं वाक्य.
मराठीत अशी सोय आहे
हे मला त्या दिवशी कळलं.

नऊ दिवसांनी, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
पडद्यावर एक उंचवटा आला.
भाकरी तव्यावर फुगायच्या आधी जेवढी हलते, तेवढा.
हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही,
दिसतो तो हा उंचवटाच.
पोरं ओरडली. सरांनी चष्मा पुसला,
पुन्हा पुसला,
आणि रजिस्टरात लिहिलं: आहे.

आता ते राजेंद्रनगरात राहतात.
गच्चीवर जुन्या टेबलफॅनची मोटर,
वर कात्रीनं कापलेली स्टीलची परात, गरगरते.
वहिनी परातीचं अजून बोलून दाखवतात.
दुपारी फोन येतो, आधी नाव नाही, गाव नाही:
“तीन हजार. आणि उलटं झालंय चिन्ह. कपडे काढ दोरीवरचे.”
वर बघतो तर आभाळ स्वच्छ,
एक घार, बस.
मी तरी कपडे काढतो.

टवका उडालेला तो जुना चुंबक माझ्याकडेच आहे,
बायकोच्या शिलाई मशीनवर.
सुया सांडल्या की ती तो फरशीवरून फिरवते,
आणि सगळ्या उभ्या राहतात.