घोडीखाली

नवी पेठेत उजगऱ्यांच्या दुकानात
तीन गिटारी भिंतीवर, एक काउंटरवर आडवी.
मी भिशीचे पैसे पर्समध्ये घेऊन आलेली.
सोबत नायना. येतो असं काही म्हणाले नव्हते,
चपला घालून दारात उभे राहिले, बस.

पहिली अख्ख्या स्प्रूसची. छेडली की
आवाज दुकानभर होतो,
पोत्यातून शेंगा ओताव्यात तसा.
उजगरे म्हणाले, घे, पण एप्रिलात जप.
चव्वेचाळीस अंशांत अख्खं लाकूड पोटात तडकतं.
साबणाच्या डबीला भोकं पाड, ओला स्पंज ठेव,
रोज रात्री हिला पाणी पाज.
(आमच्या गल्लीत नळ पाच दिवसांनी येतो.)

दुसरी प्लायची.
उन्हाला दाद देत नाही, बोटांनाही नाही.

तिसरी लहान चणीची, वरची फळी तेवढी अख्खी,
बाजूला कुणाच्या तरी अंगठीचा ओरखडा.
तिच्याकडे मी नीट बघितलंच नाही.

मग पिकअप.
होटगी रोडच्या हॉटेलात शनिवारी गाते मी,
तिथे कूलर, आचाऱ्याची झारी, वाढदिवसाची पोरं.
नुसत्या लाकडाचं कोण ऐकणार?

एक चुंबकाचा, भोकावर आडवा बसणारा.
त्याला तारेचं पोलाद कळतं,
लाकूड कुठलं ही चौकशी तो करत नाही.
एक माइक, वाटाण्याएवढा, आत लोंबणारा.
तो सगळंच ऐकतो, माझ्या बाहीचं बटणसुद्धा,
आणि स्पीकरने तेच परत ऐकवलं
की बेंबीच्या देठापासून शिट्टी घालतो.
आणि एक पट्टी, काडेपेटीतल्या काडीएवढी रुंद,
घोडीखाली दबून बसणारी.
हिला हवेतलं काही कळत नाही, उजगरे म्हणाले,
अंगाला लागेल तेवढंच. आवाज जरा टणक येतो,
पण शिट्टी सहसा नाही.

नायना हे सगळं आमच्या ओठांवर बघत होते.
अठ्ठावीस वर्षं अशोक चौकात मागावर,
चादरीतला मोर उलटा उतरला तरी झोपेत ओळखतील,
पण कान केव्हाच गेले.
धोटा कुठे अडतोय ते मागाला तळहात लावून सांगायचे.
मालक आधी हसायचा. नंतर बोलावणं पाठवायचा.

त्यांनी पहिली गिटार उचलली,
तिच्या खांद्यावर जबडा टेकवला,
मला बोटाने खूण केली: वाजव.
मी सहाही तारा मोकळ्या सोडल्या.
पुन्हा, म्हणाले. पुन्हा.
मग, बहिरी माणसं बोलतात तसं,
रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने:
"आत काहीतरी सुटलंय."

उजगरे हसले. मग हसायचे थांबले.
दाढीचा आरसा भोकातून आत घातला,
मोबाइलचा उजेड पाडला,
बराच वेळ वाकून राहिले.
एक बरगडी, बोटभर, डिंकातून उचकटलेली.
"डिसेंबरात आली तेव्हा धड होती," म्हणाले,
बहुतेक आरशाला.

दुसरीला नायनांनी जबडा लावला आणि लगेच काढला.
तिसरीवर डोळे मिटले.
मी ई मायनर धरला, सोडला, जी धरला.
त्यांच्या गळ्याची शीर हलली.
"बागुंदि," म्हणाले. या वेळी हळू.

तिसरीत पट्टी बसवून दिली मुनाफ बागवानने,
मागच्या खोलीत, रेडिओंच्या सांगाड्यांत.
डाग देताना तोंडात तार धरलेली,
त्यामुळे कितीला देणार हे त्याने शेवटी सांगितलं.
नऊ व्होल्टची बॅटरी माझी.
ओरखड्याचे दोनशे कमी केले उजगऱ्यांनी,
बरगडीचं कुणीच काही बोललं नाही.

शनिवारी ती कशी वाजेल माहीत नाही.
टणकपणा मला आवडेलच असं नाही.

परतताना रिक्षात गिटार नायनांच्या गुडघ्यांत,
पिशवीतून वर आलेलं तिचं डोकं हनुवटीखाली.
सात रस्त्यापाशी मोठा खड्डा आला,
सहाही तारा आपल्या आपण घुमल्या.
"हळू रे!" नायना रिक्षावाल्यावर ओरडले.

त्याने वेग मारला. रस्ता गुळगुळीत झाला.

थोड्या वेळाने त्याच्या खांद्यावर थाप मारून:
"इतकंही हळू नको."